भंगाराचा भाव आणि हुनराची किंमत

तेलगावच्या चौकात आमचे कापडाचे दुकान आहे. बीड-परळी रस्ता आणि माजलगाव-धारूर रस्ता येथेच एकमेकांना छेदतात. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्याकडे गिऱ्हाइकी सुरू होते आणि पट्टा पडला की ती ओसरते. समोरच्या बाजूला वेल्डिंगचे एक दुकान आहे. तुटलेला हूक, वाकलेला जॉइंट, टायरगाडीचा मोडलेला साटा, ट्रॉलीचा उखडलेला पत्रा हे सारे तेथेच जोडले जाते. त्या दुकानाचे मालक आमचे पंचवीस वर्षांचे शेजारी. त्यांच्या मुलाने आयटीआय केले आणि तो बापाच्या हाताखाली कामाला लागला.

या मुलाला एक छंद होता. दिवसभराचे काम संपले की तो भंगाराच्या ढिगातून चेन, स्प्रॉकेट, पट्ट्या, नांगराचे फाळ निवडायचा आणि त्यातून काहीबाही जोडत बसायचा. कधी घागर, कधी बाभळीचे झाड, कधी नुसता कोयता. त्याचे वडील एकदा आमच्याकडे आले आणि म्हणाले, "सेठ, तुम्ही समजवा त्याला. वेल्डिंगचा रॉड फुकट जळतो, वीज जळते, आणि हातात येते काय?" आम्ही मुलाला बोलावले आणि चार शब्द सुनावले. आम्ही कापडाचे व्यापारी. मीटरमध्ये मोजता येत नाही ते आमच्या वहीत बसत नाही.

मुलाने ऐकून घेतले आणि काम चालू ठेवले. एके दिवशी त्याने दुकानापुढे उसाची एक मोळी उभी केली. ऊस जुन्या पाइपांचे, पेरे वेल्डिंगच्या कड्यांचे, वाढे पत्र्याचे, बांधायला साखळी, आणि मोळीला टेकवून ठेवलेला एक कोयता. रस्त्याने जाणारे ऊसतोड मजूर थांबून पाहू लागले. एका बाईने मोळीला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "ही डोक्यावर घ्यायची म्हटली तर मान मोडंल." आमच्या जिल्ह्यात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, आणि त्याच हिशेबाने मुकादम उचल देतो. मुलाने आपल्या गावाचा सारा हंगाम त्या मोळीत बांधला होता. तेव्हा आम्हांला प्रथमच वाटले की या मुलाला समजावण्यापेक्षा समजून घ्यायला हवे होते.

दीडशे रुपयांची बोली

आमच्या एका नातलगाचे लग्न विजापूरला होते. तेथे शेरजा बुरुजावर चढून आम्ही मलिक-ए-मैदान ही तोफ पाहिली. ही तोफ आपल्याच मुलखातली आहे. इ. स. १५४९ मध्ये निजामशाहीत, अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर), मुहम्मद रूमी या उस्तादाने ती ओतली. पुढे ती आपल्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापूरला नेली गेली. लांबी चौदा फुटांहून जास्त, वजन सुमारे ५५ टन. पण आम्ही थांबलो ते वजनासाठी नाही. तोफेचे तोंड सिंहाच्या जबड्यासारखे घडवले आहे आणि त्या जबड्यात हत्ती सापडलेला आहे. तोफ डागायला सिंहाची गरज नव्हती. नुसती सरळ नळी ओतली असती तरी गोळा तितकाच लांब गेला असता. तरीही उस्तादाने तो सिंह घडवला, कारण त्याच्या हातात तो होता.

या तोफेची पुढची हकीकत व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजी अमलात, १८५४ मध्ये, विजापुरात पडून असलेला निरुपयोगी माल विकून टाकण्याचा हुकूम सुटला आणि त्यात ही तोफही लिलावात निघाली. सर्वांत मोठी बोली आली ती दीडशे रुपयांची. एवढी कमी रक्कम आणि या तोफेविषयी लोकांच्या मनातली आस्था पाहून विक्री रद्द झाली, म्हणून ती आज जागेवर आहे. बोली लावणारा मूर्ख नव्हता. त्याने धातू फोडण्याचा खर्च, वाहतुकीचा खर्च काढून भंगाराचा भाव लावला. फक्त त्यात हुनराचे कलम नव्हते. आम्ही समोरच्या मुलाच्या कामाकडे इतकी वर्षे ज्या नजरेने पाहिले, ती हीच दीडशे रुपयांची नजर होती.

भिंतीवरचे चित्र आणि पाहणारा डोळा

धातूचा कलावंत कोठे जन्मतो? आपल्या महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहा.

अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेला ते पडले आणि त्यांच्या मदतीने मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचला. याच करमरकरांनी पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला. १९२८ मध्ये तो माझगाव गोदीत ओतला गेला. साडेतेरा फूट उंचीचा घोडा आणि स्वार तुकडे न जोडता एकसंध ओतणे म्हणजे काय, हे ज्याने भट्टीपुढे उभे राहून मूस रिकामी केली आहे त्यालाच कळेल. रस मध्येच थिजला, साच्यात हवा कोंडली किंवा ओल राहिली, तर महिन्यांची मेहनत एका घटकेत वाया जाते.

दुसरे नाव राम सुतार यांचे. १९ फेब्रुवारी १९२५ रोजी धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या घरात त्यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांना हात दिला, जे. जे. मध्ये त्यांनी मेयो सुवर्णपदक मिळवले. पण आम्हां मराठवाड्याच्या लोकांना महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १९५४ ते १९५८ या काळात ते औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते आणि अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची दुरुस्ती करीत होते. तुटलेला हात पुन्हा जोडायचा तर आधी मूळ कारागिराचा हात ओळखावा लागतो. त्याने बोट किती वाकवले असते, मनगटाला वळण कसे दिले असते, हे समजल्याशिवाय छिन्नी चालत नाही. रफूचे काम करणारे आमचे भाई हे लगेच समजतील. चांगला रफूगर आधी जुन्या विणकराचा धागा वाचतो, मग सुई टोचतो.

पुढे सुतार दिल्लीला गेले. चंबळ नदीवरच्या गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी चंबळमाता घडवली, तिच्याजवळ दोन मुले, म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. १९९३ मध्ये दिल्लीत संसद भवनासमोर बसवलेला गांधीजींचा १६ फुटी ब्राँझ पुतळा त्यांचाच. तो २०२४ पासून संसद परिसरातच प्रेरणा स्थळावर आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी गुजरातेत सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण झाले, त्याचीही घडण त्यांची. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते गेले.

आम्ही कापडवाले. पुतळा पाहताना आमची नजर आधी कपड्यावर जाते. सरदारांच्या अंगावरची शाल आणि धोतराच्या निऱ्या पाहा. खादीची घडी मलमलीसारखी पडत नाही. ती जाड मोडते, खाली जड उतरते. धातूत कापडाचे वजन दाखवायचे तर आधी कापड हाताळलेले असावे लागते. प्रेरणा म्हणून जे काही म्हणतात ते आम्हांला तरी इतकेच समजले. जे रोज हाताखालून जाते, त्याकडे नीट पाहण्याची सवय म्हणजे प्रेरणा. सुताराच्या मुलाला लाकूड दिसले, आमच्या समोरच्या मुलाला ऊस दिसला.

एक मसला

काही वाचकांच्या मनात प्रश्न येईल की माणसाचे किंवा प्राण्याचे रूप घडवण्याचे काम आपल्या कारागिरांनी करावे काय? हा मसला आलिमांना विचारावा. कापडाच्या दुकानदाराने त्यावर बोलू नये. समोरच्या मुलाच्या वडिलांनीही तो विचारला आणि मुलाने आपली वाट निवडली. तो झाड, घागर, मोळी, अक्षरे आणि जाळी घडवतो. धातूच्या हुनराला या बाजूनेही रस्ते कमी नाहीत. बिदरची बिदरी पाहा. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीचा तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातल्या खास मातीच्या लेपाने धातू काळाभोर करतात. त्यातल्या एका नक्षीला 'अशरफी की बूटी' म्हणतात. बूटी हा शब्द आमच्या दुकानातलाच आहे. विणकर जी बूटी मागावर उतरवतो, तीच बिदरीवाला हातोडीने उतरवतो.

आमची चूक

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. ही मोळी परगावच्या एका संस्थेच्या लोकांनी पाहिली. आमच्या दारापुढे बारा फुटी मोळी करून द्या, असे त्यांनी मुलाला सांगितले. मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, कागद करून घेऊ का? आगाऊ काही मागू का?" आम्ही म्हणालो, "बेटा, मोठी माणसे आहेत. कागद मागितला तर त्यांना वाईट वाटेल. जबान पुरेशी आहे."

आम्ही स्वतः तीस वर्षांत चलनाशिवाय एक गठ्ठा उतरवून घेतलेला नाही. सुरतेचा माल असो की मालेगावचा, बिल, बिल्टी, मुदत सर्व काही लेखी. पण हुनराच्या बाबतीत आम्ही त्या मुलाला तोंडी व्यवहाराचा सल्ला दिला. का दिला? कारण मनातल्या मनात आम्ही त्या कामाला अजून छंदच समजत होतो, धंदा समजत नव्हतो.

चार महिने काम चालले. पाइप, पत्रा, गॅस, रॉड, रंग मिळून ८६ हजारांचे सामान लागले, बहुतेक उधारीवर. क्रेनने मोळी उभी राहिली. हार घातले, भाषणे झाली. हाती आले चाळीस हजार. उरलेल्याबद्दल विचारले तर उत्तर मिळाले, "अरे, तुझे नाव झाले ना! ही समाजसेवा आहे." नाव कुठे झाले ते आम्ही शोधत राहिलो, कारण मोळीखालच्या फरशीवर पाहुण्यांची नावे आहेत, घडवणाऱ्याचे नाही. ज्या मजुराच्या कष्टावर ती मोळी उभी आहे त्याला मुकादम निदान उचल तरी देतो. आमच्या मुलाला तीही मिळाली नाही.

सल्ला आमचा होता, म्हणून लोखंडवाल्याच्या उधारीतला अर्धा भाग आम्ही आमच्या खात्यावर घेतला. हे मोठेपणासाठी सांगत नाही. चुकीची किंमत वहीत चढवली की दुसऱ्यांदा ती होत नाही, एवढाच हेतू.

कागदात काय असावे

ज्यांच्या घरात वेल्डर, तांबट, ओतारी, फॅब्रिकेटर आहेत त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, नकाशा आणि लहान नमुना. सरदारांच्या पुतळ्यासाठी आधी लहान, मग १८ फुटी, मग ३० फुटी नमुना केला गेला. नमुना मान्य झाल्याची सही घेतली की पुढे 'असे नव्हते सांगितले' हा वाद राहत नाही. नमुन्याची मजुरी वेगळी लावावी.

दुसरी, धातूचा हिशेब. ब्राँझच्या ओतकामात आधी मातीची आकृती, तिच्यावरून साचा, साच्यात मेणाचा थर, त्यावर पुन्हा मातीचे कवच असा क्रम असतो. मग भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी रस ओततात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वराने लिहिलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातही मेण तोलून त्यावरून धातू किती लागेल ते ठरवण्याची रीत दिली आहे. नऊशे वर्षांपूर्वीचा कारागीर भट्टी पेटवण्याआधी काटा लावत होता, तर आपण का लावू नये? पुतळ्यांसाठी बहुधा ८५ भाग तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ भाग असे मिश्रण वापरतात. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून भाव कोणत्या तारखेचा तेही कागदात लिहावे.

तिसरी, गंज. बाहेर उभे राहणारे काम पाऊस खाते. न्यू यॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा. वरचे आवरण तांब्याच्या पातळ पत्र्याचे, आतला सांगाडा लोखंडाचा. दोन्ही धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये लाखेत भिजवलेले ॲस्बेस्टॉस घातले होते. ते झिजले, ओल शिरली आणि लोखंड गंजून फुगले. अखेर १९८६ पर्यंत त्या पट्ट्या काढून पोलादाच्या न गंजणाऱ्या पट्ट्या घालाव्या लागल्या. आपल्याकडे मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याचे नटबोल्ट गंजल्याची चर्चा तेव्हा सर्वत्र झाली. त्याच जागी मे २०२५ मध्ये सुतार यांच्या कार्यशाळेने घडवलेला ६० फुटी पुतळा उभा राहिला. म्हणून पाया कोणी भरायचा, वाऱ्याचा जोर कोणत्या अभियंत्याने तपासायचा, दरवर्षी रंग कोणी द्यायचा, हे आधीच ठरवावे. साध्या लोखंडाच्या कामात पाणी साचेल अशी जागा ठेवू नये आणि पोकळ भागाला खालून छिद्र ठेवावे.

चौथी, पैसे. सामानाची रक्कम आगाऊ, नमुन्यानंतर दुसरा हप्ता, उभारणीच्या आधी तिसरा. क्रेन आणि वाहतूक गिऱ्हाइकाकडे. कारागिराने 'उद्यम' नोंदणी करून घ्यावी. ती मोफत होते. नोंदणी असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही असली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

पाचवी, नाव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती मानली आहे आणि कलम ५७ प्रमाणे ती विकल्यानंतरही 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा हक्क कारागिराकडेच राहतो. मलिक-ए-मैदानवर रूमीचे नाव कोरलेले आहे, म्हणूनच पावणेपाचशे वर्षांनंतर आम्ही ते लिहू शकलो.

न विकलेला माल

स्वातंत्र्यदेवीची आणखी एक हकीकत आहे. तिचा शिल्पकार बार्थोल्दी याने आधी मिसरच्या खदीव इस्माईलपुढे सुएझ कालव्याच्या तोंडाशी मशाल धरलेली मिसरी शेतकरीण उभारण्याची कल्पना मांडली होती. खर्चामुळे ती नाकारली गेली. पुढे अमेरिकेत त्याने मशाल धरलेलीच स्त्री उभी केली. एका बाजारात न खपलेला नमुना दुसऱ्या बाजारात नव्या काठाने खपतो, हे कोणत्याही कापडवाल्याला ठाऊक आहे. म्हणून तरुण कारागिरांनी एका नकाराने हातोडी ठेवू नये.

सरदारांच्या पुतळ्याचे ब्राँझचे आवरण चीनमधल्या ओतशाळेत ओतून आणावे लागले, हेही ध्यानात ठेवावे. कल्पना आपली, हात आपला, आणि भट्टी परक्याची. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी या धंद्याकडे पाहावे.

समोरच्या मुलाला यंदा एका शाळेच्या फाटकाचे काम मिळाले आहे. बारा फूट रुंद, मराठी आणि उर्दू अक्षरांची जाळी. या वेळी कागद आमच्याच गादीवर झाला. शंभर वेळा वाचून आम्ही तो लिहिला आणि साक्षीदार म्हणून सही केली. आगाऊ रक्कम जमा झाल्यावर पहिला पाइप कापला गेला. कागदात शेवटी एक ओळ आहे, की फाटकाच्या खालच्या कोपऱ्यात घडवणाऱ्याचे नाव आणि साल राहील.

जुने ४६ हजार मात्र आजही येणे आहेत. मृगाच्या आधी एका सकाळी मुलगा गाडीवर प्रायमरचा डबा आणि ब्रश बांधून निघाला होता. आम्ही विचारले, "कुठे?" तो म्हणाला, "मोळीला गंज धरलाय, चाचा. जोडाजवळ." आम्ही म्हणालो, "ज्यांनी पैसे बुडवले त्यांच्या दारात स्वतःच्या खर्चाने रंग लावायला जातोस?" तो म्हणाला, "पैसे त्यांच्याकडे राहिलेत. काम तर माझंच आहे ना."

आमच्याकडे उत्तर नव्हते. डब्याचे पैसे आम्ही देऊ केले, त्याने ते घेतले नाहीत.